वाचकांचे प्रश्न: आमचे खापरपणजोबा रेल्वेत ‘इंजिनेर’ होते, हे खरं का?

मागच्या अंकात घराण्याचा इतिहास कसा शोधायचा यावर लिहिलं होतं, त्यावर भरपूर पत्रं आली आणि गंमत म्हणजे निम्मी रेल्वेचीच. त्यातली तीन घेतोय. पहिल्याला जागा जास्त दिलीये, कारण त्या ताईंनी जे पाठवलंय ते बघून मला रात्री झोप लागली नाही.

प्रश्न: नमस्कार सर, मी कसबा बावड्याची. माझ्या माहेरी लहानपणापासून ऐकत आलोय की आमचे खापरपणजोबा रेल्वेत ‘इंजिनेर’ होते आणि कोल्हापुरात गाडी आली ती त्यांनी आणली. आजी तर सांगायची की पहिली गाडी आली तेव्हा ते साहेबाच्या शेजारी बसून आले. माझा भाऊ म्हणतो असं काही नसणार, खलाशी-बिलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे मजूर असतील, घरातल्यांनी वाढवून सांगितलं. आमच्याकडं त्यांच्या दोनच वस्तू राहिल्यात. एक लांब लोखंडी साखळी, दोन्ही टोकांना पितळेच्या मुठी आणि मधे मधे दाते असलेले पितळेचे बिल्ले, आजी तिला ‘इंजनाची साखळी’ म्हणायची. 2019 च्या महापुरात तळघरात पाण्यात राहिली त्यामुळं गंज चढलाय. माझ्या मुलानं जोडाच्या छोट्या रिंगा धरून एक कडी मोजली तर फुटपट्टी बरोब्बर एक फूट भरली. दुसरी एक वही आहे, अर्धी वाळवीनं खाल्लेली. सगळे म्हणतात सावकारीचा हिशेब आहे, पण प्रत्येक पानावर मधोमध दोन लाल रेघा आणि आकडे तळापासून वर वर चढत गेलेत, म्हणून घरात तिला ‘उलटी वही’ म्हणतात. नाव कुठंच नाही. ते नक्की कोण होते, आणि कुठं शोधू?

उत्तर: ताई, ती वही आधी वाळवीच्या कपाटातनं बाहेर काढा. ती हिशेबाची नाही आणि उलटी पण नाही. ती सर्व्हेची फील्डबुक आहे.

साखळीनं जमीन मोजणारा माणूस पुढं चालत असतो, आणि त्याच्या वहीतली ओळ पण त्याच्यासोबत पुढं जाते, म्हणून तो पानाच्या तळाशी सुरू करतो आणि वर लिहीत जातो. दोन लाल रेघांच्या मधे जो आकडा आहे ते सुरुवातीपासूनचं अंतर. रेघांच्या बाहेर डावीकडं उजवीकडं जे आकडे असतील ते त्या रेषेपासून काटकोनात एखादी वस्तू किती लांब आहे त्याचं माप, म्हणजे विहीर, ओढा, झाड, बांध, एखादं देऊळ. वही हातात धरून ज्या दिशेनं तो चालला त्या दिशेला तोंड करून उभं राहिलं की डावीकडची विहीर पानावर पण डावीकडंच येते, इतकी साधी सोय आहे ती. तुमच्या घरात शंभरावर वर्षं जी वही उलटी धरून वाचायचा प्रयत्न झाला ती सरळ धरली की तुमचे खापरपणजोबा कुठून कुठं चालत गेले ते दिसायला लागेल. बाजूच्या आकड्यांशेजारी अगदी बारीक अक्षरात एखादं गावाचं नाव किंवा ‘नाला’ असं काही लिहिलंय का ते भिंग घेऊन बघा. मोडी असेल तर पानाचा फोटो चांगल्या उजेडात काढा, मोडी वाचणारे कोल्हापुरात आजही आहेत.

आता साखळी. तुमच्या मुलानं कडी मोजली ते फार बरं केलं, कारण सगळं उत्तर त्या एका मापात आहे. त्या काळात आपल्याकडं तीन साखळ्या चालायच्या. मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे 16 भाग, त्यांना आणे म्हणायचे. 33 फूट गुणिले 33 फूट म्हणजे एक गुंठा आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर, हे आपल्या सातबाऱ्यात आजही चालतंय ते तिथूनच आलंय. तिची एक कडी दोन फुटांपेक्षा थोडी जास्त भरते. दुसरी गंटरची, 66 फुटांची, शंभर कड्या, एक कडी आठ इंचाला जरा कमी. आणि तिसरी इंजिनियर्स चेन, 100 फूट, 100 कड्या, एक कडी एक फूट. तुमची ही तिसरी आहे. म्हणजे तलाठ्याच्या, मोजणीदाराच्या कामाची नाही, तर रस्ता, कालवा, रेल्वे असल्या बांधकामाच्या सर्व्हेची.

दाते असलेले बिल्ले पण नीट बघा. कुठल्याही टोकापासून दहाव्या कडीला एक दात, विसाव्याला दोन, तिसाव्याला तीन, चाळिसाव्याला चार आणि बरोब्बर मधे गोल बिल्ला असतो, म्हणजे माणूस कुठल्याही बाजूनं आला तरी चिखलात हात घालून बोटानं चाचपून सांगू शकतो की किती फूट झाले. मला ह्या बिल्ल्यांचं लई कौतुक वाटतं. अक्षर न येणाऱ्या माणसाला पण अंतर वाचता यावं असं बनवलंय ते.

म्हणजे तुमच्या भावाचं पण चुकलं आणि आजीचं पण पूर्ण बरोबर नाही, असं मला दिसतंय. ‘इंजिनेर’ हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडात लई मोठा होता, त्यात पुण्याच्या कॉलेजातनं पास झालेला इंजिनियर पण यायचा, ओव्हरसीयर, सब-ओव्हरसीयर, सर्व्हेयर, मिस्त्री पण यायचे, आणि इंजिन चालवणारा ड्रायव्हर तर यायचाच. गावच्या लोकांच्या लेखी रेल्वेच्या मोठ्या कामावर डोक्याला हॅट घालून जो माणूस दिसला तो इंजिनेर. साखळी आणि फील्डबुक ज्याच्या घरात राहिली तो लाइन आखणाऱ्यातला माणूस, ड्रायव्हर नव्हे आणि खलाशी पण नव्हे. साखळी ओढणारे खलाशी वेगळे असायचे, पण वही लिहिणारा तो नसायचा.

तो माणूस दिवसभर काय करत असेल ते जरा डोळ्यासमोर आणा. साखळीला दोन माणसं. पुढचा दहा लोखंडी सुया घेऊन चालतो, शंभर फूट झाले की एक सुई जमिनीत खोचतो, मागचा ती उचलत येतो. मागच्याच्या हातात दहा सुया जमल्या की हजार फूट झाले, मग सुया परत पुढच्याकडं आणि वहीत नोंद. ह्यात एकदा घोळ झाला, म्हणजे सुया दिल्या पण लिहायचं राहिलं, की हजार फूट गायब. मिरज ते कोल्हापूर लाइन साधारण 29 मैल, आजच्या हिशेबात 47 किलोमीटरच्या आसपास. तेवढ्यात शंभर फुटी साखळी दीड हजाराच्या वर वेळा टाकावी लागते, तेही एकदाच मोजायचं म्हटलं तर, आणि असली कामं कधीच एकदा मोजून होत नाहीत. त्यात आपल्याकडची काळी माती, पाऊस पडला की पायाला किलो किलो चिकटते. साखळी ओढून ओढून रिंगा उघडतात आणि ती हळूहळू लांब होते, म्हणून ती अधनंमधनं पक्क्या खुणेवर टाकून तपासावी लागते. तुमच्या साखळीत एखादी रिंग वेगळ्या जाडीची किंवा हातानं वाकवल्यासारखी दिसली तर ती बदललेली आहे असं समजा. मला विचाराल तर तीच रिंग सगळ्यात जास्त जपण्यासारखी.

आता कोल्हापूरचं. मुंबई-ठाणे पहिली गाडी 16 एप्रिल 1853 ला धावली, आपल्याकडं गाडी यायला 1891 साल उजाडलं, मधे 38 वर्षं. सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली 1882 साली, आणि त्याच्या मागं 1876 ते 78 च्या दुष्काळाचा धडा होता, धान्य असूनही बैलगाड्यांनी वेळेत पोचवता आलं नाही आणि माणसं मेली. त्या कंपनीचं मुख्य ऑफिस धारवाडला, गेज मीटरचा, म्हणजे दोन रुळांत बरोबर एक मीटर. त्यांची पुणे-मिरज-बेळगाव लाइन मिरजेवरून गेली, आणि मिरज ते कोल्हापूर हा फाटा कोल्हापूर संस्थाननं स्वतःच्या पैशानं बांधला, चालवायला मात्र कंपनीकडं दिला. ताई, ही गोष्ट तुमच्या शोधासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण तुमचे खापरपणजोबा कंपनीचे नोकर होते की संस्थानचे, यावर कागद कुठल्या शहरात असेल ते ठरतं. कामाचा शुभारंभ 1888 ला झाला तो बालवयातल्या शाहू महाराजांच्या हस्ते, ते तेव्हा तेरा वर्षांचे होते. राज्यकारभाराचे अधिकार त्यांना 1894 ला मिळाले, म्हणजे रेल्वे आली तेव्हा कारभार अजून त्यांच्या हातात नव्हता.

लाइनवर दोन मोठ्या नद्या. मिरजेतनं निघाल्यावर कृष्णा, आणि रुकडी-वळिवडेच्या मधे पंचगंगा. बाकी सगळं सपाट असल्यानं सर्व्हेवाल्याची खरी डोकेदुखी ह्या दोन जागा आणि पुराची पातळी. पंचगंगा चढली की काय होतं ते तुम्हाला 2019 ला घरात बसून दिसलंच, गाड्या पण तेव्हा बंद पडल्या होत्या. वहीत जिथं एकाच ठिकाणी दोन-तीन पानं दाटीवाटीनं भरलीयत तिथं नदी किंवा मोठा ओढा असेल, तिथनं वाचायला सुरुवात करा.

शोधायचं कुठं, तर पहिला मुक्काम आपल्याच गावात. महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख विभागाची शाखा कोल्हापुरात आहे, करवीर संस्थानचं दप्तर तिथं आहे. तिथं जाऊन ‘आमच्या खापरपणजोबांची फाइल द्या’ असं म्हणू नका, तशी फाइल नसते. रेल्वेच्या जमीन संपादनाचं, नुकसानभरपाईचं आणि पगारपत्रकाचं दप्तर मागा, 1886 ते 1892 च्या दरम्यानचं. साल बघताना गोंधळ होईल, कारण कागदावर शक असेल नाहीतर फसली, म्हणजे जुन्या महसुली हिशेबाचं साल. शकात 78 मिळवा, फसलीत 590, म्हणजे शके 1812 आणि फसली 1300 दोन्ही 1890-91 च्या आसपासच येतात. गावांची नावं पण जुनी धरा. आजचा हातकणंगले तालुका तेव्हा आळते नावानं होता, आणि जयसिंगपूर तर नावालाही नव्हतं, ते महाराजांनी पुढं आपल्या वडिलांच्या नावानं वसवलं, त्यामुळं तिकडचा कागद शिरोळखाली शोधा. कोल्हापूरचं जुनं इंग्रजी गॅझेटियर बरेच जण सुचवतील पण ते 1886 चं आहे, गाडी त्यानंतर आली, तिथं वेळ घालवू नका.

पुण्याच्या कॉलेजातनं पास झाले असतील तर शोध सोपा आहे. त्यांची पदवी एलसीई, म्हणजे लायसन्शिएट ऑफ सिव्हिल इंजिनियरिंग, असायची आणि मुंबई विद्यापीठाच्या दरवर्षीच्या कॅलेंडरमधे पास झालेल्यांची नावं छापलेली असायची, बरीच कॅलेंडरं आता स्कॅन होऊन इंटरनेटवर आहेत. तिथं नाव नसेल तर ते ओव्हरसीयर किंवा सर्व्हेयर. त्यात कमीपणा मुळीच नाही. साहेब लोकांनी नकाशावर सही केली पण उन्हात उभं राहून जमिनीला साखळी लावली ती ह्या लोकांनी, आणि त्यांनी फूटभर चूक केली असती तर सहीला काही अर्थ राहिला नसता. इंग्रजीत शोधताना ‘मराठा’चं जुनं स्पेलिंग एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असं टाका, आणि कोल्हापूर पण त्या काळी तीन-चार तऱ्हेनं लिहायचे, सगळे घालून बघा.

पहिल्या गाडीत साहेबाच्या शेजारी बसण्याची गोष्ट. ती खोडून टाकू नका, पण वेगळ्या पानावर लिहा, ‘आजीनं सांगितलं’ अशी. मोजलेलं एका पानावर, सांगितलेलं दुसऱ्या पानावर. लाइन वापरात घेण्याआधी रुळांवरून ट्रॉली फिरवून तपासणी व्हायची आणि त्या ट्रॉलीवर साहेबाबरोबर हाताखालचे लोक बसायचे. आजीच्या आठवणीत ती ट्रॉलीच पुढं गाडी झाली असेल, तर ती खोटं बोलली असं कोण म्हणेल?

शेवटचं, साखळीचा गंज. ॲसिड नको, सँडपेपर तर अजिबात नको. खोबरेल किंवा मशीनचं पातळ तेल लावून चार दिवस ठेवा, मऊ दातांच्या ब्रशनं घासा, कोरड्या कापडानं पुसा. पितळेच्या मुठीला चिंच-मीठ लावून लखलखीत करायचा मोह होईल, तो आवरा. असल्या मुठींवर बनवणाऱ्याचं नाव बारीक कोरलेलं असतं आणि जोरात घासलं की तेच आधी जातं. मी हे इतकं कळवळून सांगतोय कारण आमच्या जुन्या घराची वाटणी झाली तेव्हा माळ्यावरची आजोबांची कागदांची ट्रंक कुणीतरी किलोवर रद्दीत घातली, मी बाहेरगावी होतो, आलो तेव्हा रिकामी ट्रंक अंगणात उपडी पडलेली होती. ते अजून डोळ्यासमोरनं जात नाही.

प्रश्न: सर, मी रुकडीचा. आमच्या पणजोबांना सगळे ‘इंजनवाले’ म्हणायचे, मिरज शेडला होते असं आजोबा सांगायचे. घरात लांब चोचीची तेलाची झारी आहे. त्यांच्या उजव्या हातावर भाजल्याचे डाग होते म्हणे. ते ड्रायव्हर होते की इंजिनियर? आणि नोकरीचा कागद आता कुठल्या रेल्वेकडं मागायचा?

उत्तर: दादा, वरच्या ताईंची साखळी जे सांगते तेच तुमची झारी सांगते, फक्त वेगळ्या माणसाबद्दल. लांब चोच असते कारण वाफेच्या इंजिनाचे दांडे, बेअरिंग आत आत असतात, हात पोचत नाही, आणि प्रत्येक जागी निघायच्या आधी तेल पडलंच पाहिजे. ते काम ड्रायव्हर आणि फायरमनचं. म्हणजे तुमचे पणजोबा इंजिनावरचे.

शेडला पोरगा लागायचा तो क्लीनर म्हणून, काजळी पुसायला. मग फायरमन, मग शंटर म्हणजे यार्डात इंजिन-डबे मागंपुढं करणारा, मग ड्रायव्हर. 19 व्या शतकात मेल गाड्यांच्या ड्रायव्हरच्या जागा बहुतेक करून युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना, आपल्या माणसाला फायरमन-शंटरवर वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, हे लक्षात ठेवून कागद बघा. नाव ‘ड्रायव्हर’च्या यादीत नाही मिळालं म्हणजे आजोबा चुकीचं सांगत होते असं नाही.

भाजल्याचे डाग उजव्या हातावर का असतील ते मी नक्की सांगणार नाही, पण फायरमनचं काम ऐका म्हणजे अंदाज येईल. थंड बॉयलर पेटवून वाफ धरायला कित्येक तास लागतात, म्हणजे सकाळच्या गाडीसाठी माणूस मध्यरात्रीच शेडला. भट्टीचं दार उघडलं की अंगाची एक बाजू भाजते आणि दुसरीला वारा लागतो. सगळ्यात मोठी काळजी पाण्याची. काचेच्या नळीत बॉयलरमधलं पाणी दिसतं, ते भट्टीच्या छताच्या खाली गेलं की छताचा पत्रा लाल होतो आणि बॉयलर फुटू शकतो. म्हणून त्या छताला शिशाचा बूच बसवलेला असतो, पाणी उतरलं की तो वितळतो, वाफ आणि पाणी भट्टीत शिरून आग विझते. जीव वाचतो, पण गाडी मधेच उभी आणि बूच का वितळला त्याचा जाब द्यायचा तो इंजिनावरच्या दोघांनी. तुमच्या घरात ‘पणजोबांना एकदा सस्पेंड केलं होतं’ असली गोष्ट असेल तर हे आठवा.

कागदाचं म्हणाल तर कंपनीचं नाव पुन्हा पुन्हा बदललं. सदर्न मराठा रेल्वे 1908 ला मद्रास रेल्वेत मिळून मद्रास अँड सदर्न मराठा झाली, 1951 ला त्यातनं सदर्न रेल्वे, 1966 ला साऊथ सेंट्रल, आणि आता आपली मिरज-कोल्हापूर लाइन मध्य रेल्वेच्या पुणे विभागात. नुसतं पुण्याला अर्ज टाकून बसाल तर ‘रेकॉर्ड नाही’ येईल. वर्कशॉप हुबळीला होतं, तिकडच्या बाजूनंही विचारा. पण खरं सांगू का, आधी घर बघा. कंपनीच्या नोकरीत प्रॉव्हिडंट फंड असायचा आणि माणूस गेल्यावर तो पैसा कुणाला द्यायचा त्याचा कागद व्हायचा, वारसाची नावं असलेला. असले कागद घराच्या खरेदीपत्राबरोबर, विम्याच्या पाकिटात निघतात. आणि मृत्यूची तारीख हवी असेल तर गावचं कोतवाल बुक, कुणबी नोंदींच्या वेळी सगळ्यांनी बघितलेलंच आहे ते.

प्रश्न: महोदय, वय 78, गारगोटीजवळचा शेतकरी आहे. आमच्या घराण्यातला एक जण खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या कामाला गेला तो परत आलाच नाही, असं माझे आजोबा सांगायचे. त्याचं नाव कुठं लिहिलेलं मिळेल का?

उत्तर: काका, तुमचं चार ओळींचं पत्र मी तीनदा वाचलं.

बोरघाटाचं काम 1856 च्या सुरुवातीला निघालं आणि 1863 ला गाडी वर चढली. साधारण सोळा मैलांत अठराशे फुटांच्या वर चढ, 25 बोगदे, 8 मोठे पूल. 1861 च्या सुमारास एकाच वेळी 42 हजारांपर्यंत माणसं त्या डोंगरावर होती. दोरानं कड्यावरून लटकून सुरुंगाची भोकं पाडायची, आणि सुरुंगापेक्षा जास्त माणसं नेली ती पटकीनं आणि तापानं. चीफ इंजिनियर जेम्स बर्कली, त्यांची तब्येत पण खालावली आणि घाट पुरा व्हायच्या आधी 1862 ला ते गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 ला आले आणि थोड्याच दिवसांत वारले, मग त्यांच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेल बाईंनी, ते कंत्राट पुढं चालवून पुरं केलं. ह्या सगळ्यांची नावं छापलेली आहेत. तुमच्या माणसाचं छापलेलं मिळणार नाही. मजुरांचा हिशेब मुकादमाकडं असायचा, कंपनीला नावाशी काम नव्हतं, डोकी मोजायची आणि मुकादमाच्या हातात पैसे द्यायचे. मला ह्याचा राग येतो, पण तुम्हाला खोटी आशा दाखवून मुंबई-पुण्याला खेपा घालायला लावणं त्याहून वाईट.

नाव मिळालं तर ते रेल्वेच्या दप्तरात नाही, आपल्या माणसांच्या वहीत मिळेल. एक, तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, जिथं तुमचे वाडवडील गेले असतील तिथल्या चोपड्यांत आलेल्याचं नाव, गाव, बापाचं, भावांचं नाव लिहून घेतात. तो गेला त्यानंतर त्याच्या भावानं तिथं जाऊन त्याच्या नावानं पिंड दिला असेल, तर नोंद असणार. जाताना आडनाव आणि मूळ गाव दोन्ही सांगा, ते गावावरनं वही काढतात.

दुसरं, हेळवी. तुमच्या भागात अजून येतात, सुगी झाली की बैल सजवून, आणि दारात उभं राहून अख्खी वंशावळ म्हणतात, पायली-दोन पायली जोंधळे आणि एखादं धोतर घेऊन पुढच्या घरी जातात. नव्या पोरांना वाटतं भिक्षा मागायला आलेत. त्यांना ओसरीवर बसवा, चहा द्या आणि सुरुवातीलाच सांगा की घाई नाही. ते म्हणायला लागले की थांबत नाहीत, एका श्वासात तीन पिढ्या जातात, आणि ज्याचा वंश पुढं चालला नाही त्याचं नाव एकदाच उच्चारतात आणि भावाच्या नावावर जातात. तुमचा माणूस तिथंच असणार. नातवाला फोनवर रेकॉर्डिंग लावायला सांगा, आणि तुमच्या आजोबांच्या आजोबांची पिढी आली की हात वर करून त्यांना तिथंच थांबवा आणि विचारा, ह्यांना भाऊ किती होते.